कॅनडाच्या भिंतीला पाणी

गेलं वर्षभर सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास एक आरोळी उठायची. "पाणी मारलं का?"

नव्या माणसाची यात हमखास फसगत व्हायची. कोपऱ्यावरच्या घरात भाड्याने आलेली एक बाई तर पहिल्याच दिवशी बादली घेऊन नळाकडे धावली. समोरच्या जयाबेननी तिला थांबवून समजावलं, "बेन, ए पाणी आपणुं नथी. केनेडानुं छे." बाई बराच वेळ बादली घेऊन तशीच उभी होती.

आरोळी ठोकणारे गृहस्थ म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, मूळचे खानदेशातले सुपडू आप्पा. ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याचा लेंगा आणि हात ताणून पुढे धरलेला फोन. फोनवर कॅनडातली त्यांची एकुलती एक मुलगी, वैशाली. आपली सकाळ म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. ती कामावरून दमून आलेली असायची. तिचा चेहरा दिसला रे दिसला की आप्पा म्हणायचे, "तोंड नंतर. आधी भिंत दाखव."

ती बिचारी फोन वळवायची. आप्पा भिंत बघायचे, कोपरा बघायचे, फरशी बघायचे, आणि बघून झालं की "बरं, ठेव" म्हणून फोन बंद करायचे. तोंड राहूनच जायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आप्पा, पोरीला नीट बघा तरी!" तर म्हणाले, "मॅडम, तोंड कुठे जातंय? भिंत मात्र एकदा वाकली की वाकली."

मला ते मॅडम म्हणतात कारण मी बँकेत आहे. मूळची अमरावतीची, लग्न करून सुरतेत आले आणि उधन्याच्या शाखेत चिकटले ती चिकटलेच. आप्पांचं दुकानही उधन्यात, आमच्या शाखेच्या मागच्या गल्लीत. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी पुन्हा भरून देणं हा त्यांचा धंदा. आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीला कॉइल म्हणतात हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण कॉइल हेच असतं हेही त्यांच्यामुळेच कळलं. गुडघा दुखला, "कॉइल गेली." पाऊस लांबला, "वर कॉइल गेलेली दिसते." आमचे हे शाळेत शिक्षक, त्यांची एकदा बदली झाली तेव्हा आप्पा येऊन गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, शिक्षण खात्याची कॉइल फार जुनी आहे."

पैशाचा हिशेबसुद्धा ते रुपयात करत नाहीत, मोटरीत करतात. माझ्या नव्या फ्रिजकडे बघून त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंतच्या मोटरी गेल्या की यात!" त्यानंतर दिवाळीपर्यंत फ्रिज उघडताना मला अपराध्यासारखं वाटत होतं.

आता गंमत अशी, की आमच्या भागात परदेशी गेलेल्या मुलांचे आईबाप पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे तिकडून पैसे येतात, मग इकडे मजला चढतो, लोखंडी जिना लागतो, ओट्याला टाइल्स बसतात. आप्पांकडे पाणी उलटं वाहत होतं. उधन्याच्या मोटरी कॅनडाला जात होत्या.

त्याचं असं झालं. वैशाली आणि तिचा नवरा योगेश यांनी तिकडे घर बांधायला घेतलं. दोघंही कमावती, तिथल्या बँकेचं कर्ज मिळालं होतं, सगळं रीतसर. आप्पांनी फोन करून जावयाला सांगितलं, "पाव्हणे, निम्मे पैसे माझे." जावई साताऱ्याकडचा, स्वाभिमानी. तो म्हणाला, "आप्पा, सासऱ्याच्या पैशानं घर बांधलं तर माझे वडील मला गावात पाय ठेवू देणार नाहीत." आप्पांनी आठवडाभर विचार केला. तेवढ्यात त्यांना वैशालीकडून कळलं, की तिकडे नव्या घराखाली तळघर असतं, पण ते कच्चंच ठेवतात. नुसत्या उघड्या सिमेंटच्या भिंती. ज्याला जमेल तो नंतर त्यात खोल्या काढतो.

आप्पांनी लगेच जावयाला फोन लावला. "वरचं घर तुमचं. खालची एक खोली मी माझ्यासाठी बांधतो. माझी खोली, माझे पैसे. आता तुमच्या वडिलांची काही हरकत?"

दुसऱ्याच दिवशी जावयानं तळघराचा नकाशा पाठवला.

नुसत्या मोटरींनी तळघराचं भागणार नव्हतं. बमरोलीला आप्पांचा एक प्लॉट होता. कधीकाळी नवरा-बायकोनं पोटाला चिमटा काढून घेतलेला. वैशालीची आई ती कॉलेजात असतानाच गेली, आणि प्लॉट तसाच राहिला. तिथे दोन खोल्या बांधून म्हातारपण काढायचं असं आप्पा म्हणत असत. तो प्लॉट त्यांनी विकला. मी कपाळावर हात मारून घेतला. सुरतेतली जमिनीवरची जागा विकून कॅनडात जमिनीखालचा खड्डा घेणारा माणूस मी बँकेच्या एवढ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. तसं मी त्यांना तोंडावर म्हटलं.

"खड्डा नाही, खोली," आप्पा म्हणाले. "आणि तुम्ही फॉर्म द्या."

परदेशी पैसे पाठवायचे म्हणजे कागद आलेच. पैसे कशासाठी पाठवताय हे त्यात सांगावं लागतं. आमच्या शाखेत माझ्या टेबलापुढे बसून आप्पांनी त्या एका रकान्यावर दुपार घालवली.

"भेट असं लिहू का?" मी विचारलं.

"भेट म्हणजे लग्नात देतात ते भिंतीवरचं घड्याळ. लेकीला कोणी भेट देतं का?"

"मग नातेवाइकांचा सांभाळ?"

"ती कमावते, मॅडम. ऐकलं तर काय वाटेल तिला?"

"मग काय लिहू सांगा तुम्हीच."

"लिहा, माझ्या खोलीसाठी."

"आप्पा, रिझर्व्ह बँकेला तुमच्या खोलीशी काय करायचंय हो!"

मागे रांग वाढली, शिपाई दोनदा येऊन बघून गेला, आणि शेवटी भेट या शब्दापुढे आप्पांनी सही केली. जाताना म्हणाले, "सरकारला खोटं सांगायला लावलं तुम्ही." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पैसे पोहोचले, तिकडे वरचं घर उभं राहायला लागलं, आणि आप्पांना पहिला धक्का बसला. घर लाकडाचं होतं. लाकडाच्या पट्ट्या उभ्या करायच्या, त्यांना दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्यासारखे जाड बोर्ड ठोकायचे, झाली भिंत. वीट नाही, रेती नाही, कडिया म्हणजे गवंडीही नाही. वैशालीनं तो सांगाडा दाखवला तेव्हा आप्पा फोन घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आले. माझा हात कणकेत.

"मॅडम, हे बघा. हे घर बांधतायत का कपाट?"

मी म्हटलं, "तिकडे असंच असतं, आप्पा. थंडीसाठी."

"थंडीसाठी स्वेटर असतं." त्यांनी फोनकडे तोंड केलं. "वैशू, ठोक त्या भिंतीवर. ठोक जोरात." तिकडे वैशालीनं ठोकलं. धप् धप् असा आवाज आला. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू ती भिंत मीच बांधली आहे. "ऐकलं? पोकळ!" मग त्यांनी आमच्या भिंतीवर मूठ आपटली, तुलना म्हणून. आमच्या भिंतीचा पोपडा पडला तो भाग वेगळा.

तेव्हापासून त्या घराचं नाव कपाट. "कपाटाचं काम कुठवर आलं?" "कपाटाला खिडक्या लागल्या." सगळी गल्ली तसंच म्हणायला लागली. जयाबेनसुद्धा दळणाला जाता जाता विचारायच्या, "आप्पा, कबाट केटलुं थयुं?"

कपाटाखालची खोली मात्र खोलीच होती. तिच्याबद्दल चेष्टा चालत नसे, कारण तिच्याबाबतीत आप्पांच्या अटी होत्या. पहिली अट, तिला स्वतःची शेगडी आणि ओटा पाहिजे. दुसरी, कडी आतून पाहिजे आणि वरच्या माणसानं ठोठावूनच आत यायचं. तिसरी, तिला बाहेरून वेगळं दार पाहिजे. या तिसऱ्या अटीनं योगेशच्या डोक्याला ताप झाला. घरातून खाली जायला जिना होता. बाहेरून दार म्हणजे तिथल्या नगरपालिकेची परवानगी, सिमेंटची भिंत कापणं, आणि खर्च म्हणाल तर एका दारासाठी आप्पांचं दुकान वर्षभर राबलं असतं.

"आप्पा, आत जिना असताना बाहेरून दार कशाला? भाडेकरू ठेवायचाय का?" योगेशनं विचारलं.

"भाडेकरूच समजा," आप्पा म्हणाले.

चौथी अट सगळ्यांत विचित्र. खोलीच्या छताला मधोमध एक लोखंडी कडं पाहिजे. माणसाचं वजन झेपेल असं.

मी विचारलं, "पंखा टांगणार का?" तिकडे पंखा लागत नाही हे मलाच बोलल्यावर आठवलं. आप्पा म्हणाले, "माझं कडं, माझा जीव. काहीही टांगीन." त्यांच्या इथल्या घरातही पुढच्या खोलीत छताला असंच एक कडं आहे. त्याला वर्षभर तांब्याच्या तारेची भेंडोळी लटकलेली असतात. मला वाटलं, म्हातारा कॅनडात जाऊन मोटरीच भरणार.

अर्थात सगळ्यांना तसंच वाटत होतं. आप्पांनी तिकडे जायची तयारी चालवली आहे, आणि जावयाच्या घरात राहायचं पण जावयाच्या आधारानं राहायचं नाही म्हणून ही वेगळ्या दाराची मिजास. लोक विचारायचे, "काय आप्पा, कधी उड्डाण?" आप्पा म्हणायचे, "मी कशाला जाऊ बर्फात मरायला? इथे मोटरी कोण भरेल?" लोक हसायचे. पण मला बँकेमुळे माहीत होतं, आप्पांनी पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता. मी अर्ज भरून देते म्हटलं तर म्हणाले, "नको. घर बघायला पैसे पडत नाहीत, फोनवर दिसतं."

जिथे जायचं नाही तिथे खोली बांधायची, आणि वरून तिला कडं! मी यांना म्हटलं, "आप्पांची खरंच कॉइल गेली हो."

संक्रांतीच्या सुमारास तळघरात बोर्ड लागले, त्यांच्या सांध्यांवर लांबी फिरवून झाली आणि आप्पांना उत्साहाचं भरतं आलं. त्यांच्या मते हा गिलावा झाला होता, आणि गिलाव्याला पाणी पाहिजे. पायाच्या सिमेंटला पाणी मारा म्हणून त्यांनी उन्हाळ्यात आरडाओरडा केला होता तो एक वेळ ठीक होता. आता ते रोज सकाळी पुठ्ठ्याच्या भिंतीसाठी ओरडत होते. "पाणी मारलं का? नाही मारलं तर तडा जाईल! तुमचा तो मिस्त्री गोरा आहे, त्याला काय कळतं?"

वैशालीनं पुष्कळ समजावलं. पण आप्पा म्हणाले, "तुझ्या आईनं इथल्या भिंतीला तू पोटात असताना पाणी मारलं. तू एवढं करू शकत नाहीस?" आता यावर कुठली मुलगी काय बोलणार? तिनं कुंड्यांवर शिंपडायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि बापाचं समाधान म्हणून एक भिंत ओली केली. आप्पांना दिसेना म्हणून अजून केली. "खालून मार, खालून," आप्पा सांगत होते. गल्लीतले आम्ही दोघंतिघं दूध घेऊन बघत उभे होतो. आप्पांनी समाधानानं फोन ठेवला. "आता शंभर वर्षं बघायला नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंत पुरीसारखी फुगली.

त्या सकाळी फोन योगेशनं उचलला. तो काय म्हणाला ते ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "आप्पा, हे सुरत नाही! मिस्त्री मला वेड्यात काढतोय. सगळी भिंत काढून नवी लावायची. आणि ते दार आणि कडं विसरा आता. आतून जिना आहे, तेवढा पुरे. तुम्ही काही इकडे येणार नाही, नुसते तिथून हुकूम सोडता!" मागून वैशालीचा आवाज आला, "त्यांना ओरडू नका," मग त्या दोघांचीच जुंपली आणि फोन बंद झाला.

आप्पांनी फोन लेंग्याच्या खिशात टाकला. मग आम्हा बघ्यांकडे वळून म्हणाले, "पाव्हण्याची कॉइल गरम झाली," आणि आत गेले.

त्यानंतर सकाळी सातची आरोळी बंद झाली. मला खोटं सांगवत नाही, पहिले दोन दिवस बरं वाटलं. मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. दूधवाल्यानंसुद्धा विचारलं. एका रविवारी, दुकानं बंद असताना, उधन्यात बँकेमागच्या गल्लीतून जाताना मला वार्निशचा वास आला आणि बघते तर आप्पा एकटेच मोटर भरत बसलेले. मी आत जाऊन स्टुलावर बसले.

"आप्पा, राग आला का जावयाचा?"

"राग कसला? तो बरोबर आहे. भिंतीचे पैसे मी देणार." त्यांनी तार ओढली. "पण मॅडम, दार पाहिजे. दार नसेल तर खोलीचा उपयोग नाही. सगळं पाण्यात गेलं."

"अहो, पण का? जिना आहे ना? हट्ट करायचा म्हणून करताय तुम्ही."

आप्पांनी तारेचे आणखी चार वेढे घातले. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "तुमचं मास्तरांशी भांडण झालं तर तुम्ही कुठे जाता?"

मी म्हटलं, "बँकेत."

ते हसले नाहीत. मला वाटलं, माझा विनोद कळला नाही.

त्या रात्री जेवताना मी ते यांना सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. पण दुसऱ्या दिवशी मीच वैशालीला फोन केला. म्हटलं, "तुझे वडील रविवारीसुद्धा दुकानात बसतात. सकाळी ओट्यावर येत नाहीत. दार नाही तर सगळं पाण्यात गेलं म्हणतात." पलीकडे तिनं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मावशी, मी बघते काय करायचं ते." तिनं काय केलं, नवऱ्याशी किती बोलली, किती अबोला धरला, मला ठाऊक नाही. पण होळीच्या आधी एका सकाळी आप्पांचा फोन वाजला आणि समोर योगेश.

"आप्पा, दाराची परवानगी आली," तो जरा तुटकच बोलला. "आणि कड्यासाठी वर दुहेरी तुळई टाकलीय. मिस्त्री म्हणतो, हत्ती टांगला तरी चालेल."

"हत्ती नाही टांगायचा," आप्पा म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "पाव्हणे, भिंत सुकली का?"

योगेशला हसू आलं असावं. आप्पांनाही आलं. दुसऱ्या दिवसापासून आरोळी पुन्हा सुरू झाली, फक्त शब्द बदलले. "पाणी नाही ना मारलं कुणी?"

खोली झाली. दाराला हिरवा रंग लागला, आतून कडी बसली, कडंही बसलं. आणि आप्पा काही निघाले नाहीत. ना पासपोर्ट, ना बॅग. खोली तिकडे कुलूप लावून रिकामी, आणि मालक उधन्यात मोटरी भरतोय. गल्लीनं महिनाभर चेष्टा केली आणि मग विषय सोडून दिला.

एप्रिल संपता संपता आखाजी आली. आम्ही अक्षय्य तृतीया म्हणतो. आमच्याकडे त्या दिवशी पितरांचं करतात आणि आमरस खातात, संपलं. खानदेशात मात्र हा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात आणि चार दिवस काही काम करत नाहीत. हे मला तोवर ऐकून माहीत होतं, जसं आपल्याला दुसऱ्यांचे सण माहीत असतात तसं.

आखाजीच्या दिवशी बँकेला सुट्टी नव्हती. मी डबा भरून, पर्स घेऊन बाहेर पडले तर आप्पा ओट्यावर. फोन वाजला. मी सवयीनं थांबले. वैशाली होती, आणि भिंतही दिसत होती, नवी, पांढरी, फुगवटा नसलेली. वैशालीनं स्वतःच फोन भिंतीकडे वळवला होता.

"आप्पा, ही बघा भिंत," ती म्हणाली. आवाज घोगरा होता.

आप्पा ताठ झाले. "भिंत राहू दे," ते म्हणाले. "तोंड दाखव."

फोन वळला. पोरीचे डोळे सुजलेले. अंगात जाड कोट, डोक्यावर टोपी, पायाशी एक पिशवी.

"काय व्हयनं?" आप्पा एकदम घरच्या अहिराणीत गेले. पण लगेच हात हलवून म्हणाले, "नको, नंतर सांग. कुठल्या दारानं आलीस?"

"बाहेरच्या," वैशाली म्हणाली. "पुढचं दार आपटलं. आणि घराला वळसा घालून आले. बर्फ होता थोडा." आणि ती रडता रडता हसली. "आप्पा, मी माहेरी आले."

"मग? आखाजीच्या आदल्या संध्याकाळी यायचंच असतं," आप्पा म्हणाले. तिकडे अजून आदलीच संध्याकाळ होती. "जेवनी का?"

"नाही."

"शेगडी चालू आहे ना? खिचडी टाक. कडी लाव आतून. आता दोन दिवस वर जायचं नाही."

तेवढ्यात तिकडे टकटक झाली. पलीकडे, हिरव्या दाराबाहेर. वैशालीनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. दार उघडलं तर योगेश, पायात घरातल्याच चपला, थंडीनं आखडलेला. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून फोनकडे वाकून म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं. घेऊन जाऊ का तिला?"

"परवा या, पाव्हणे," आप्पा म्हणाले. "लेक आखाजीला आलीय, लगेच कशी पाठवू? आणि तुम्ही आलाच आहात तर जेवून जा."

योगेशनं पायांवरचा बर्फ झटकला. मग त्यानं दाराबाहेर चपला काढल्या आणि आत आला.

फोन ठेवल्यावर आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी काही विचारलं नव्हतं, पण तेच बोलायला लागले. "इथे असती तर रिक्षा करून आली असती, मॅडम. इथल्या सचिन गावाला दिली असती, नवसारीला दिली असती, तरी आली असती. तिकडे चिडली तर कुठे जाईल? मैत्रिणीकडे जाऊन रडायचं का? आणि आतल्या जिन्यानं उतरली तर ती नुसती खाली गेली. बाहेरून फिरून आली की माहेरी आली." ते जरा थांबले. "माझं काय, मी तिकडे जाऊन बसलो तर मी तिच्या घरी पाहुणा. इथे बसलो की ती माझ्या घरी येते."

"आणि ते कडं?" मी विचारलं.

"या ना," ते म्हणाले, आणि आत गेले.

पुढच्या खोलीत छताच्या कड्याला तारेची भेंडोळी नव्हती. तिथे झोका बांधला होता. सुती दोर, लाकडी पाट, पाटावर घडी घातलेली चादर. खाली ताटात खापरावरचे मांडे झाकून ठेवलेले, शेजारी आमरसाचं पातेलं. मांडे पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडून करून आणले होते. वैशाली लहान होती तेव्हापासून दर आखाजीला इथे झोका बांधतात, तिची आई बांधायची, मग आप्पा बांधायला लागले. ती कॅनडाला गेली त्या वर्षीही बांधला, त्याच्या पुढच्या वर्षीही. बांधायचा, संध्याकाळी सोडायचा आणि पुन्हा तार टांगायची. भिंतीला भिंत लागून राहते मी, आणि मला कधी दिसलं नव्हतं.

"तीही तिकडे आता बांधेल," आप्पा म्हणाले. "दोर मी दिवाळीतच पाठवला होता. मिठाईच्या पार्सलात घालून."

मी पाटावरच्या चादरीवरून हात फिरवला. माझी आई गेली, मागून वडील गेले, भावानं अमरावतीचं घर विकून पुण्याला फ्लॅट घेतला. फ्लॅट छान आहे. मी गेले की वहिनी चहा करते आणि विचारते, परतीचं तिकीट कधीचं आहे.

आप्पांनी वाटीत आमरस काढला, माझ्यापुढे धरला आणि माझ्या पर्सकडे, डब्याकडे, घड्याळाकडे बघितलं.

"मॅडम, बँक उघडायला अजून वेळ आहे," ते म्हणाले. "झोका रिकामाच आहे."

मी पर्स खाली ठेवली, चपला दाराशी काढल्या आणि पाटावर बसले. आप्पांनी मागून हळूच झोका दिला.